भाराभर चिंध्या कोणाला म्हणता? कॉम्पॅक्ट विरुद्ध खिशातला कॅमकॉर्डर

गोदाकाठी
काल ‘व्हिडिओवाला’ यांनी लिहिलं: “कॉम्पॅक्ट कॅमेरा म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. फ्लिपसारखा खिशातला, नुसता व्हिडिओ घेणारा कॅमकॉर्डर निदान एक काम तरी नीट करायचा. कॉलेज रोडवर जुने कॉम्पॅक्ट मिरवणारी पोरं बघून हसू येतं.” हसा की. पण आधी दोन्ही वापरून बघा.

मी वापरलेत. कॉम्पॅक्ट घरात होताच, 2009 च्या दिवाळीत भावानं अमेरिकेहून फ्लिप अल्ट्रा एचडी आणला. आधी त्याचं कौतुक करतो, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. मागे एक मोठं लाल बटण. दाबलं की सुरू, दाबलं की बंद. आईनं चष्मा न लावता चालवला. यूएसबीचा दांडा त्याच्याच कुशीतून टपकन बाहेर यायचा, वायर शोधायला नको. आठ जीबीत दोन तास 720पी, म्हणजे एचडी व्हिडिओ.

आता उणं. ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सनंच लांबचं जवळ आणणं, नाही; डिजिटल झूम म्हणजे तेच चित्र ताणायचं. फोकस ठरलेला, म्हणून मिसळीच्या वाटीजवळ नेला की तर्री आणि शेव एकच. हात हलला की सगळं हललं. कार्डाची सोय नाही, आठ जीबी भरले की घरी जा. आणि त्यातून फोटो काढायचा म्हटलं तर 1280 गुणिले 720, म्हणजे जेमतेम सव्वानऊ लाख पिक्सेल. आमचा कॉम्पॅक्ट एक कोटी पिक्सेलचा.

2008 च्या पुरात आम्ही दोघं भाऊ गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर गेलो, तो फ्लिप घेऊन, मी कॉम्पॅक्ट घेऊन. त्याच्या व्हिडिओत नुसतं गढूळ पाणी पळतंय. माझ्या फोटोत लांबून झूम केलेला दुतोंड्या मारुती (घाटावरची मूर्ती, आमची पूर मोजायची पट्टी), छातीपर्यंत पाणी, आणि पलीकडची माणसंसुद्धा ओळखू येतात. आता सांगा, चिंध्या कोणाच्या?

व्हिडिओवाला
मी व्हिडिओबद्दल बोलत होतो, तुम्ही फोटो दाखवताय. त्या काळच्या बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं की ऑप्टिकल झूमला कुलूप लागायचं, हे सोयीनं विसरलात का? मोटरची घरघर माइकमध्ये जाते म्हणून. मोशन जेपेग या जागाखाऊ पद्धतीत 640 बाय 480 चं चित्र, आणि एक जीबीत साधारण आठ मिनिटं! फ्लिपवर तेवढ्याच जागेत पंधरा, तीही एचडी. शिवाय उन्हाची तिरीप आली की सीसीडीवर, म्हणजे त्यांच्या सेन्सरवर, उभी जांभळी रेघ. रामकुंडावर सकाळचं स्नान घ्या त्यात, प्रत्येक भक्ताच्या डोक्यातून खांब गेलेला दिसेल.

सिस्कोनं 59 कोटी डॉलरला फ्लिपची कंपनी उगाच नाही घेतली.

सिडकोकर
उगाचच घेतली की! 2009 ला घेतली, 2011 च्या एप्रिलमध्ये फ्लिप बंद. कोडॅकनंही 2012 ला असे कॅमकॉर्डर सोडले.

व्हिडिओवाला
कोडॅकनं तेव्हा डिजिटल कॅमेरेही सोडले, पूर्ण सांगा. धंदा फोननं खाल्ला, यंत्राचा काय दोष? आयफोन व्हिडिओ घ्यायला लागला तोही 2009 लाच. कोडॅकच्या झेडआय8 या खिशातल्या कॅमकॉर्डरला बाहेरचा माइक जोडता यायचा. आहे का कुठल्या कॉम्पॅक्टला?

सिडकोकर
सोनी झेडव्ही-1.

व्हिडिओवाला
तो 2020 चा! त्याच्या किमतीत आम्ही तेव्हा तीन-चार तरी झेडआय8 घेतले असते. उंटावरून शेळ्या हाकू नका.

नाशिकरोडची मावशी
तुमचे पिक्सेल राहू द्या, माझं ऐका. पिंपळगावला भावाच्या बागेत गेले होते. गंधकाची धुरळणी चाललेली, मला म्हटलं ना की लांब उभी राहा? नाही. हौसेनं कॉम्पॅक्ट काढला, लेन्स बाहेर आली ती आत गेलीच नाही. पडद्यावर ‘लेन्स एरर’. एमजी रोडच्या एका दुकानात दिला. आठ दिवसांनी म्हणे, “ताई, अठराशे होतील, गॅरंटी नाही.” परत मागितला तर दोन स्क्रू कमी! बिल मागितलं तर हसतो. त्या फ्लिपची लेन्स बाहेर येत नाही, आत जात नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी व्हिडिओवाल्यांच्या बाजूनं. बाकी त्यांची भाषा मला आवडलेली नाही.

कुंभनवखा
एक विचारू? 2027 च्या पावसाळ्यात सिंहस्थाच्या स्नानांना फिरणार आहे. ऑस्मो पॉकेट 3 हा खिशातला व्हिडिओ कॅमेरा घ्यावा की झूमवाला कॉम्पॅक्ट?

जुनं नाशिक
थांबा. 2008 चा पूर सप्टेंबरातला. तुमचा फ्लिप आला 2009 च्या दिवाळीत. मग पुरात भावाच्या हातात काय होतं, साबणाची वडी?

गोदाकाठी
फोटोवर तारीख छापलेली आहे, साहेब. 01/01/2008.

जुनं नाशिक
एक जानेवारीला गोदेला पूर? बागेत द्राक्षं उतरायला लागतात तेव्हा? अहो, बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की कॅमेऱ्याचं घड्याळ आरंभाच्या तारखेवर येतं. तो पूर 2016 चा. 2 ऑगस्ट. त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला.

सिडकोकर
2016 ला छातीवरच कसं? गळ्याच्या वर होतं. 2019 ला तर मारुती दिसतच नव्हता.

जुनं नाशिक
पाणी चढतं आणि उतरतं, नळाचं नाही ते. सकाळी कमरेला, दुपारी गळ्याला. तुम्ही कितीला गेला होतात?

सिडकोकर
मी टीव्हीवर बघितलं.

जुनं नाशिक
मग गप्प बसा. आमच्या दारात, सराफ बाजारात, पाणी होतं. सिडकोच्या टेकाडावर बसून आम्हाला गंगेची उंची शिकवायची?

सिडकोकर
टेकाडावर राहायला अक्कल लागते. दर पुराला दुकान भिजवून घ्यायला लागत नाही.

नाशिकरोडची मावशी
भांडा. सकाळपासून दुसरं काम नाही कुणाला.

व्हिडिओवाला
माझा मुद्दा पुरात वाहून गेला. पण गोदाकाठींना एक प्रश्न: 2016 ला कोण फ्लिप घेऊन फिरतं?

गोदाकाठी
आमचा भाऊ. आजही त्याच्या कपाटात आहे, चालतो.

तर, आत्ता त्याला फोन लावला. क्लिप मिळाली. गढूळ पाणी पळतंय, मी म्हटलं तसंच. पण मागे एक बाप्या कुणाला तरी ओरडून सांगतोय, “आठ साली इथंवर नव्हतं रे आलं!” पुढं पाण्याचा आवाज. म्हणजे 2008 नव्हे. 2016 असावा.

जुनं नाशिक
असावा?

गोदाकाठी
आहे. 2016 चा आहे. झालं समाधान? पण फोटो माझाच चांगला आहे, तारीख सोडून.

व्हिडिओवाला
कबूल. माणसं ओळखू येतात, लांबचा मारुती जवळ येतो, तुमच्या फ्रेममध्ये जीव आहे. फक्त साल कोणतं ते सांगायला फ्लिपचा माइक लागला. हेच मी काल चार ओळींत म्हटलं होतं, तेव्हा हसलात.

गोदाकाठी
माइकचं श्रेय त्या बाप्याला द्या, फ्लिपला नको.

सिडकोकर
तो बाप्या सराफ बाजारातला नसेल. बरोबर बोलला.

कुंभनवखा
माझ्या प्रश्नाचं?

व्हिडिओवाला
पॉकेट 3. एक इंचाचा सेन्सर, आणि गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मान. गर्दीत धक्के बसले तरी चित्र हलणार नाही. हा खरा फ्लिपचा वारस.

गोदाकाठी
आणि आखाड्याची मिरवणूक बॅरिकेडच्या पलीकडून गेली की? ऑप्टिकल झूम नाही त्याला. साधूची जटा राईएवढी दिसेल. कॉम्पॅक्ट घे.

नाशिकरोडची मावशी
बाळा, काहीही घे, पण आधी जाड प्लास्टिकची पिशवी घे. ऐन पावसात उभा राहणार आहेस घाटावर. आणि तारीख लावून ठेव.