‘अकाली’, ‘लवकर’ की आणखी काही? मृत्यूच्या एका विशेषणाबद्दल

विचारणा :
मुलांच्या कर्करोगावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘अर्ली मॉर्टॅलिटी’ पानोपानी येते. मी ‘अकाली मृत्यू’ लिहून मोकळी झाले होते. मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो शब्द जिथे जिथे होता तिथे खोडला आणि बाजूला एवढंच लिहिलं : ‘कधीपासून मोजलं?’ तिथे अडले आहे.

प्रतिसाद :
डॉक्टरांनी नेमकं बोट ठेवलंय. ‘अकाली’ म्हणजे काळ भरण्याआधी, आणि तो काळ आयुष्याचा. सात वर्षांचं मूल निदानानंतर आठवड्यात गेलं काय किंवा चार वर्षांनी गेलं काय, मृत्यू अकालीच. म्हणजे या विषयात ‘अकाली’ काहीच वेगळं काढून दाखवत नाही. शिवाय हा शब्द आधीच अडकलेला आहे : असंसर्गजन्य आजारांच्या आकडेवारीत ‘अकाली मृत्यू’ म्हणजे ३० ते ७० या वयातले मृत्यू. तुमच्या लेखातलं घड्याळ निदानाच्या दिवशी सुरू होतं. बरेच अभ्यास त्यापुढचा एक महिना धरतात.

प्रतिसाद :
मग ‘शीघ्र मृत्यू’?

प्रतिसाद :
नको. शीघ्रकवी, शीघ्रकोपी : ‘शीघ्र’मध्ये वेग आहे, टप्पा नाही. वाचणाऱ्याला वाटेल, मूल झटक्यात गेलं. ‘प्रारंभिक मृत्यू’ तर त्याहून वाईट. जणू पुढे अंतिम मृत्यूही यायचा आहे.

विचारणारी :
‘लवकर मृत्यू’ चालेल? ‘लवकर निदान, लवकर उपचार’ सगळ्यांच्या कानावर आहे.

प्रतिसाद :
व्याकरण कुरकुरतं. ‘लवकर गेला’ म्हणतो आपण, ‘लवकर मृत्यू’ म्हणत नाही. पण ‘लवकर निदान’ पचवलंच आहे, तेव्हा त्यावर अडून बसणार नाही. माझी अडचण वेगळी आहे. ‘लवकर निदान’मधलं लवकर आजाराच्या सुरुवातीपासून मोजलेलं आणि ‘लवकर मृत्यू’मधलं निदानापासून. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर घोटाळा होतो, कारण निदान जितकं उशिरा तितका मृत्यू ‘लवकर’! महिनाभर ताप आणि अंगावरचे निळे डाग किरकोळ समजले गेले, शेवटी रक्त तपासलं, आणि चौथ्या दिवशी मूल गेलं. तक्त्यात हा मृत्यू ‘लवकर’च्या रकान्यात बसतो. खरं तर सगळंच उशिरा झालेलं असतं.

प्रतिसाद :
मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं विषयाच्या बाजूने. हे मृत्यू वेगळे मोजायचं कारण असं की त्यांची कारणंच पुष्कळदा वेगळी असतात. गाठ औषधांना दाद देत नाही म्हणून जाणारी मुलं बहुधा नंतर जातात. पहिल्या महिन्यात घात करतात ते जंतुसंसर्ग, रक्तस्राव, छातीतल्या गाठीने श्वासनलिकेवर आलेला दाब, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून मेंदूतला किंवा फुप्फुसातला रक्तप्रवाह अडणं. कधी उपचार लागू पडणं हेच संकट ठरतं : पेशी एकदम फुटतात, पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात उतरतं, मूत्रपिंडं थकतात, हृदयाची लय बिघडते. त्यामुळे ‘कर्करोगाने मृत्यू’ असंही सरसकट लिहू नका.

अमेरिकेतल्या नोंदींवरचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १९९२ ते २०११ या काळातली ३६ हजारांवर मुलं, त्यातली १.५ टक्के निदानानंतर महिन्याभरात दगावली. वर्षाच्या आतल्या बाळांना धोका जास्त. औषध-चाचण्यांच्या अहवालांत हा आकडा याहून कमी दिसायचा, कारण चाचणीत नाव घालण्याआधीच गेलेलं मूल त्या हिशेबात येतच नाही.

प्रतिसाद :
तो १.५ टक्के ‘दर’ की ‘प्रमाण’? मराठीत आपण सगळ्यालाच दर म्हणतो. दरात काळाने भागणं अपेक्षित असतं. शंभरातले किती गेले हे प्रमाण झालं. आणि कृपा करून ‘मृत्यूदर’ लिहू नका. ‘मृत्यू’ सुटा असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व : मृत्युदर, मृत्युपत्र, मृत्युप्रमाण. (माझं हे टुमणं जुनंच आहे, माफ करा.)

विचारणारी :
‘बालमृत्यू’ जोडून ‘कर्करोगजन्य बालमृत्यू’ केलं तर?

प्रतिसाद :
तोही अडकलेला. सार्वजनिक आरोग्यात बालमृत्यू म्हणजे साधारणपणे पाच वर्षांखालच्या मुलांचे. मुलांच्या कर्करोगाची आकडेवारी १४ किंवा १९ वर्षांपर्यंत जाते.

प्रतिसाद :
वर ‘दगावली’ आलंय, त्यावर थांबावंसं वाटलं. ‘दगा’ फारसीतून आला, त्याचं क्रियापद करून आपण ते मरणाला लावलं. गंमत अशी की दगा कोणी दिला हे वाक्य सांगत नाही. ‘मूल दगावलं’ : कर्ता मूल, पण दोष त्याचा नाही, आईबापाचाही नाही. बोलताना हा शब्द मला ‘मृत्यू पावले’पेक्षा माणसाचा वाटतो. तक्त्याच्या मथळ्यात मात्र घालणार नाही.

आणि ‘निदान’! संस्कृतात त्याचा अर्थ मूळ कारण. आयुर्वेदाच्या निदानपंचकात पहिलं निदान म्हणजे रोगाचा हेतू. आज आपल्याकडे तो रोग ओळखणं या अर्थी रुळला, आणि वर ‘निदान एकदा तरी भेट’ हेही आहेच. म्हणून ‘निदान ३० दिवसांत’ असं कुठे लिहू नका, ‘कमीत कमी ३० दिवसांत’ असं वाचलं जाईल. ‘निदानानंतर’ पूर्ण लिहा.

विचारणारी :
सध्या असं ठरवलं आहे : पहिल्या उल्लेखात ‘निदानानंतर ३० दिवसांच्या आत झालेले मृत्यू’, पुढे ‘पहिल्या महिन्यातले मृत्यू’. विशेषणच काढून टाकलं. लांब होतं, पण ‘कधीपासून’ला उत्तर मिळतं. तक्त्यात जागा कमी आहे, तिथे ‘आरंभकालीन मृत्यू’ चालेल का?

प्रतिसाद :
तळटीप देणार असाल तर चालेल. फक्त डॉक्टरांना आधी दाखवा, ‘कशाचा आरंभ?’ असं ते लिहून पाठवतील.