लग्नासाठी प्लँटेशन बुक केलंय, बोलू की गप्प बसू?

जुईली:
मावसभावाचं लग्न एप्रिलमध्ये आहे, अमेरिकेत साउथ कॅरोलिनाला. व्हेन्यू म्हणून चार्ल्स्टनजवळचं एक जुनं प्लँटेशन, म्हणजे मोठा मळा आणि त्यातली हवेली, ठरवलंय, डिपॉझिटही भरून झालं. फोटो बघून घरात सगळे खूश, मीपण होते, मग रात्री सहज वाचत बसले तर कळलं की तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुलाम राबवलेत. तेव्हापासून त्या जागेत अक्षता टाकायला हात उचलणार नाही असं वाटतंय. मावशी म्हणते शुभकार्यात नाट लावू नकोस.

भटक्या७७:
मावशींचं ऐक. चार्ल्स्टनमध्ये जुनी म्हणावी अशी कुठली वास्तू गुलामांच्या कष्टाशिवाय उभी राहिलीय? शहरातल्या हॉटेलात केलं म्हणून जागा पवित्र होत नाही. आणि खर्चाचं बघ. चार्ल्स्टनजवळच्या बून हॉल या प्लँटेशनवर गुलामांच्या विटांच्या नऊ खोल्या अजून उभ्या आहेत, लोक आत जाऊन बघतात, त्या जागेला पैसा मिळतो म्हणून देखभाल होते. आपल्याकडे शाकारणीला पैसे नाहीत म्हणून किती वाडे बसले ते आपण बघितलंच की.

शार्लटकर:
बून हॉलला मी जाऊन आलेय. गेटपासून दुतर्फा ओकची झाडं, 1743 साली लावलेली, सगळ्यांना फोटो तिथेच हवा असतो. आणि त्याच रस्त्याच्या कडेला त्या खोल्या, एका ओळीत. तिथे विटांचा कारखाना होता, विटा गुलामांनीच पाडल्या. चार्ल्स्टनच्या जुन्या भिंतींत काही विटांवर बोटांचे ठसे आहेत, ओल्या विटा उचलताना उमटलेले. गाईडने एक दाखवला, मी बोट ठेवून बघितलं, माझं बोट मावेना. लहान पोराचा होता गं तो. आपण तर म्हणतो वास्तू तथास्तु म्हणते, मग तिथल्या वास्तूने काय काय ऐकलं असेल? हॉलिवूडमधल्या रायन रेनॉल्ड्स आणि ब्लेक लाइव्हलीने 2012 ला तिथेच लग्न केलं आणि 2020 मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, म्हणाला पिंटरेस्ट या फोटोंच्या साइटवर बघून जागा निवडली होती. जुईली, तुझ्या भावाला निदान आधी तरी कळू दे.

भटक्या७७:
माफीने त्या पोरांना काय मिळालं? लग्नं बंद झाली तर अशा जागा विकून बंगले होतील, मग ठसा बघायला कोण जाणार? त्यापेक्षा पाहुण्यांना आधी त्या खोल्या दाखवा, मग मंडपात न्या.

शार्लटकर:
म्हणजे खोल्या बघून डोळे पुसायचे आणि लगेच वरात काढायची? मला नाही जमणार. जागा टिकवायला लग्नंच लागतात असंही नाही, लुईझियानातलं व्हिटनी प्लँटेशन 2014 पासून म्युझियम म्हणून चालू आहे, तिथे सगळी हकीकत गुलामांच्या बाजूने सांगतात. पिंटरेस्टनेसुद्धा 2019 मध्ये प्लँटेशनवरच्या लग्नांचा प्रचार थांबवायचं ठरवलं, ते काय उगाच?

आंबेमोहोर:
भटक्याचं देखभालीचं म्हणणं मला पटतं, पण लग्न ही आनंदाची गोष्ट, ती तिथे नको. मावशीशी वाद घालू नकोस, थेट भावाशी बोल. आणि नवरीला आधी सांग, साखरपुड्यानंतर बाहेरून कळलं तर जास्त लागेल.

जुईली:
आत्ताच फोन केला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला डिपॉझिट परत मिळत नाही. उद्या दोघांशी व्हिडिओ कॉल आहे. शार्लटकर, त्या विटेचा फोटो असेल तर आज रात्री पाठव.