थिएटर घेण्याआधी प्रत बघा
काहीजण सुचवतात की बेळगावात थिएटर भाड्याने घेऊन मुंबईच्या निर्मात्यांना आपल्या शॉर्टफिल्म दाखवाव्यात. ते येतील असं वाटत नाही. नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, हीच मंडळी पणजीत असतात. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गाठ पडते. तिथे मिनिटभराचा ट्रेलर फोनवर दाखवा आणि पासवर्डवाली लिंक द्या.

खरी माती होते ती प्रतीत, म्हणजे थिएटरला द्यायच्या फाइलीत. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलेलं २४ च्या डीसीपीत (थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीत) तसंच ढकललं, की फिल्म ४ टक्क्यांनी लांबते आणि आवाज जाड होतो. आवाज ताणायचा तर त्याची पट्टी (पिच) सांभाळूनच ताणा. नुसता स्टिरिओ दिला तर संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतात, कडेच्या खुर्च्यांवर नीट कळत नाहीत. ते मधल्या चॅनलवर, म्हणजे मधल्या स्पीकरवर हवेत.

सबटायटलचं तर विचारूच नका. आपल्या फिल्ममध्ये आई मराठीत विचारते, पोरगं कन्नडात उत्तर देतं. इंग्रजीत दोन्ही सारखंच दिसतं आणि सगळी गंमत जाते. कन्नड संवादांच्या ओळी तिरप्या टाइपात द्या. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं.

आणि हो, यूट्यूबवर आधी टाकू नका. काही महोत्सव मग घेत नाहीत.