मदत हवी आहे: १ मीटरवरून उडी मारली तर पायांवर बल किती? दोन पद्धतींनी दोन उत्तरं येतायत

नमस्कार मंडळी, भाचीला फिजिक्स शिकवायला बसलो आणि स्वतःच अडकलोय.

गणित असं की ६० किलोचा माणूस १ मीटर उंचीवरून उडी मारतो, तर टेकताना सरासरी बल किती. टेकतानाचा वेग ४.४३ मीटर प्रति सेकंद आला, इथपर्यंत दोघांचं जमतं. पुढे मी थांबायला ०.१ सेकंद धरला, संवेग (वस्तुमान गुणिले वेग) २६६, भागिले ०.१, म्हणजे २६६० न्यूटन. भाची म्हणे मी ऊर्जेने करते, माणूस गुडघे वाकवत ४० सेंमी खाली बसतो, ऊर्जा (वजन ५८८ न्यूटन गुणिले १ मीटर) ५८८ ज्यूल भागिले ०.४, आले १४७०. आता पद्धती दोन्ही बरोबर वाटतायत आणि उत्तर मात्र जवळपास दुप्पट, नक्की चुकलंय कोण?

आणि गादीवर उडी मारली तर वेग तोच असतो ना, मग लागत का नाही? "गादी मऊ असते" हे उत्तर ती ऐकूनच घेत नाही.

प्रतिसाद १:
तुमचा ०.१ सेकंद आला कुठून? मनातलाच ना? ४.४३ वरून शून्यावर येताना सरासरी वेग २.२ धरा, त्या वेगाने ४० सेंमी जायला ०.१८ सेकंद लागतात, आता २६६ ला त्याने भागून बघा, भाचीच्याच आकड्याजवळ पोचाल. वेळ आणि अंतर दोन्ही आपल्या मर्जीने नाही धरता येत, एक ठरलं की दुसरं ठरलंच.

पण भाचीचंही पूर्ण बरोबर नाही हां. खाली बसत असताना गुरुत्वाकर्षण काय सुट्टीवर जात नाही, वजनाचे ५८८ न्यूटनही जमिनीलाच पेलायचेत. म्हणून उंची १ नाही तर खाली बसण्याचे ४० सेंमी धरून १.४ मीटर घ्या, ५८८ गुणिले १.४ भागिले ०.४, उत्तर २०५८.

हेच गुडघे ताठ ठेवून २ सेंमीत थांबलात तर ३०,००० न्यूटन, म्हणजे वजनाच्या ५१ पट (करून बघू नका प्लीज). गादीचं काम तेवढंच, संवेग तितकाच संपवायचा असतो पण ती दबते त्यामुळे थांबायला अंतर जास्त मिळतं, म्हणजे वेळही जास्त.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, फक्त हे सगळे आकडे सरासरी आहेत. बल पूर्ण वेळ एकसारखं नसतं, मधे कुठेतरी ते याहून बरंच वर जातं आणि दुखापत त्या कमाल बलाने होते.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही! "बघ, वजन धरायला विसरलीस" असं मी भाचीला जरा ऐटीतच सांगितलं, तर म्हणाली मामा, तुझ्या २६६० मधे तरी कुठे धरलंयस.