बोक्याच्या कानाची पाळी अचानक फुगली आहे, काय करावं?

गवतीचहा: देशी बोका, 3 वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन 4.2 किलो. काही दिवस डोकं झटकत होता, डावा कान मागच्या पायाने खाजवत होता. आज त्याच कानाची पाळी आतल्या बाजूने टम्म फुगली आहे. हाताला मऊ आणि कोमट लागते. कानात काळपट मळ आहे, खाणंपिणं व्यवस्थित. आज रविवार, नेहमीचे डॉक्टर उद्या भेटतील. तोवर थांबलं तर चालेल? सुईने पाणी काढून भागेल का? माणसांचे कानाचे थेंब घरात आहेत, ते घालू का? घरात आणखी एक मांजर आणि एक कुत्रा आहे.

ओसरी: वर्णनावरून हे पाणी नसून रक्त आहे. सारखं झटकल्या-खाजवल्याने पाळीतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि कातडी व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठतं. डॉक्टर याला ऑरल हेमॅटोमा म्हणतात. खातोय-पितोय, तर उद्यापर्यंत थांबता येईल, पण गळ्यात प्लॅस्टिकची शंकूची कॉलर आजच घाला. प्रत्येक खाजवण्याने फुगा वाढतो.

घरी सुई अजिबात टोचू नका. दवाखान्यात नुसतं सुईने रक्त काढलं तरी आतली पोकळी तशीच राहते आणि बऱ्याचदा काही दिवसांत परत भरते. शिवाय घरच्या सुईने त्यात जंतू गेले तर गळू होतं. खात्रीचा उपाय म्हणजे भूल देऊन पाळीला आतून चीर द्यायची, गुठळ्या काढायच्या आणि कातडी कूर्चेला चिकटून राहील असे बरेच टाके घालायचे. टाके साधारण 2 ते 3 आठवडे राहतात आणि तितके दिवस कॉलरही. उपाशी किती तास ठेवायचं ते फोन करून आधीच विचारा.

काहीच केलं नाही तर रक्त हळूहळू जिरतं, पण पाळी आक्रसून चुरगळते. नुसत्या दिसण्याचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. कानाचं तोंडही अरुंद झालं तर आत वारा लागत नाही आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो.

निवडुंग: पाळी दुरुस्त झाली आणि खाज तशीच राहिली तर टाके फुकट. मळ कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा, काळा-तपकिरी असेल तर पहिला संशय कानातल्या माइट्सवर, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक किड्यांवर. थोडा मळ काळ्या कागदावर घेऊन भिंगातून बघा, पांढरे ठिपके सरकताना दिसतात. दिसले नाहीत म्हणून माइट्स नाहीतच असं मात्र नाही, मळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. यीस्ट आणि जिवाणूही त्यातच कळतात, आणि त्यांचं औषध वेगळं.

माइट्सवर सेलामेक्टिनचे मानेवर टाकायचे थेंब चालतात. 2.6 ते 7.5 किलोच्या मांजराला 45 मिग्रॅची नळी येते. अंड्यापासून पूर्ण माइट व्हायला 3 आठवडे लागतात, म्हणून महिन्याने पुन्हा डोस द्यावा लागू शकतो. दुसरं मांजर आणि कुत्रा यांनाही एकाच वेळी औषध हवं, नाहीतर बोका बरा होऊन त्यांच्याकडून परत घेईल. कुत्र्याची नळी मात्र वेगळी. त्याचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं तर झटके येतात, जीवही जातो. गोचिडांसाठी पाण्यात मिसळायचं अमिट्राझही मांजराला नाही.

ओसरी: माणसांच्या थेंबांचं राहिलं. नको. मळ विरघळवणाऱ्या बऱ्याच थेंबांत बेन्झोकेन असतं, मांजराच्या रक्ताला ते विषारी. दुसरं कारण कानाच्या पडद्याचं. पडदा फाटला असेल तर जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानात उतरून बहिरेपणा किंवा तोल जाणं, दोन्ही होऊ शकतं. ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या उपकरणाने, पडदा दिसेपर्यंत कोणतेच थेंब नाहीत. तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री ऑइल हेही नाही. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, एक गोळी मांजराला मारू शकते.

गवतीचहा: समजलं, कॉलर घातली. डोकं थोडं डावीकडे कललेलं वाटतंय. हे पाळीच्या वजनाने का?

निवडुंग: असू शकतं, कारण दुखरी, जड बाजू खाली जाते. तो चालताना बघा. सरळ चालतो, उडी मारतो, डोळे स्थिर आहेत, तर घाई नाही. डोकं सतत तिरकं, एकाच बाजूला गोल फिरणं, पडणं किंवा बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलणं, यातलं काहीही दिसलं तर दुखणं मधल्या-आतल्या कानापर्यंत गेलं आहे असं धरा आणि आजच तातडीचा दवाखाना गाठा. त्या बाजूची बाहुली लहान आणि तिसरी पापणी (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा) वर आलेली असली तरी तेच.

करवंद: एकाच कानाला त्रास आहे म्हणून एक जोड. भूल देणारच आहेत तर कानाची नळी खोलपर्यंत तपासायला सांगा. मांजराच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, त्या वळणापलीकडे जागेपणी नीट दिसत नाही. गवताचं कुसळ, गोचीड किंवा पॉलिप (मांसाची वाढलेली गाठ) तिथेच सापडतो. पॉलिप तरुण मांजरांत जास्त, श्वास घोरल्यासारखा येत असेल तर तेही सांगा. आणि इअरबड घरातून बाजूला ठेवा, मळ त्याच वळणात दाबला जातो. पडदा शाबूत असल्याचं कळल्यावर प्राण्यांच्या कानाचं क्लीनर कोमट करून कानाची नळी भरायची, कानाचं बूड बाहेरून 20-30 सेकंद चोळायचं, झटकू द्यायचं आणि वर आलेला मळ कापसाने टिपायचा. टाके असलेल्या कानाला हे डॉक्टर सांगतील तेव्हाच.