मदत हवी आहे: नाताळच्या कॅक्टसला गेल्या हिवाळ्यात एकही कळी आली नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आधी इथेच शोधून पाहिलं, पण सगळे धागे वाळवंटी निवडुंगांचे निघाले, म्हणून नवा काढते आहे. थोडं लांबेल, पण झाडाचं सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कारण सापडणार नाही असं वाटतं.

आम्ही इंदिरानगरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात एका नर्सरीतून ख्रिसमस कॅक्टसची सहा इंची कुंडी आणली. तेव्हा तिच्यावर राणी रंगाच्या तीसेक कळ्या होत्या. माझ्या सासूबाई कमरेच्या दुखण्यामुळे बहुतेक वेळ पलंगावरच असतात. त्यांना झोपल्या जागेवरून काहीतरी फुललेलं दिसावं, एवढ्यासाठीच हे झाड घेतलं.

आणल्यावर दोन दिवस ते हॉलमध्ये होतं. मग आईंच्या खिडकीत ठेवलं, तिथे ऊन कमी वाटलं म्हणून गॅलरीत, गॅलरीत वारा लागतो म्हणून पुन्हा आत. आठ-दहा फुलं उमलली आणि बाकीच्या कळ्या गळायला लागल्या. कळी देठाशी पिवळी पडायची आणि नुसतं बोट लागलं तरी हातात यायची. आई त्या पडलेल्या कळ्या स्टीलच्या वाटीत पाणी घालून उशाशी ठेवायच्या, "उमलेल गं एखादी." एकही उमलली नाही.

एप्रिलमध्ये कॅक्टस आहे, ऊन हवंच, असं धरून मी कुंडी गच्चीवर नेली. आठवड्याभरात पेरं जांभळट-तांबडी झाली, सुरकुतली. घाईने खाली आणली. मग पावसाळ्यात झाड मलूल दिसायचं म्हणून मी पाणी वाढवलं, तर ते आणखी मलूल व्हायचं. श्रावणात एकदा बुंध्याशी दाबून पाहिलं तर पेर मऊ लागलं आणि वास आला. कुंडी पालथी केली तेव्हा माती चिखलासारखी घट्ट होती, मुळं तपकिरी पडून सुटत होती आणि खालच्या ताटलीत पाणी साचलेलं होतं. सडलेला भाग कापला. चांगल्या फांद्यांचे तीन-तीन पेरांचे तुकडे पिळून काढले, दोन दिवस सावलीत सुकवले आणि कोकोपीट, पर्लाइट व थोडं गांडूळखत अशा मिश्रणात लावले. सगळे लागले.

गेल्या हिवाळ्यात फूल आलं नाही, पण तेव्हा झाड नुकतंच सावरलं होतं म्हणून मनाला लावून घेतलं नाही. आता मात्र ते चांगलं दाट झालंय, फांद्या कुंडीबाहेर झुकल्यात, पेरं हिरवीगार आणि टणक आहेत. वरची माती सुकली की पाणी देते, ताटली लगेच ओतून टाकते. दर पंधरा दिवसांनी गांडूळखताचं पाणी देते. खिडकी पूर्वेची आहे, सकाळचं कोवळं ऊन पडद्यातून येतं. आई पूर्वी एकदा रात्री उठताना पडल्या होत्या, त्यामुळे खोलीत झिरोचा बल्ब रात्रभर असतो, एवढं सोडलं तर खोली शांत आहे, फारशी वर्दळ नाही.

ऑक्टोबर लागला. आई रोज विचारतात, या वर्षी येतील का फुलं? मी त्यांना काय सांगू? काही करायचं राहतंय का? खत कमी पडतंय का?

---

गच्चीबाग_पुणे:
ताई, पाणी महिनाभर पूर्ण बंद करा. कॅक्टसला ताण दिला की फुलतो. माझ्याकडचे सगळे असेच फुलतात.

---

रानवाट:
ताई, कृपा करून पाणी पूर्ण बंद करू नका. वरचा सल्ला वाळवंटी निवडुंगाला लागू पडेल, तुमचं झाड जंगलातलं आहे.

हे मूळचं ब्राझीलचं, रिओच्या आसपासच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांतलं. तिथल्या दमट रानात ते झाडांच्या खोडांवर नाहीतर खडकांच्या फटींत साठलेल्या पाल्यापाचोळ्यात वाढतं. पावसाळ्यात आपल्या अंजनेरीच्या डोंगरावर झाडांवर आमरी (ऑर्किड) वाढलेली पाहिली असेल ना, तशी राहणी. म्हणून एप्रिलच्या उन्हात ते भाजलं आणि घट्ट मातीत त्याची मुळं गुदमरली. मुळं कुजली की झाडाला पाणी घेता येत नाही, ते तहानल्यासारखं दिसतं, आणि आपण आणखी पाणी घालतो. या झाडांच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तुम्ही तुकडे लावून ते वाचवलंत, आताचं मिश्रणही बरोबर आहे. ते बदलू नका.

तुम्ही ज्याला पेरं म्हणता तोच शब्द योग्य आहे. ती पानं नाहीत, चपटी झालेली खोडं आहेत, आणि कळी नेहमी शेवटच्या पेराच्या टोकाला येते. पेरांच्या कडा कशा आहेत ते सांगाल का? टोकदार दाते असतील, खेकड्याच्या नांगीसारखे, तर ती ट्रंकाटा जात. आपल्याकडे नर्सरीत ख्रिसमस कॅक्टस म्हणून बहुतेक हीच मिळते, आणि ती नाताळच्या थोडी आधीच फुलते. कडा गोलसर, लाटांसारख्या असतील तर तो खरा ख्रिसमस कॅक्टस, १९व्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये दोन जातींच्या संकरातून तयार केलेला. फूल आठवत असेल तर परागाचा रंगही सांगा. ट्रंकाटाचे पराग पिवळे असतात.

आता मुख्य गोष्ट. खत कमी नाही, उलट या दिवसांत ते थांबवाच, कळ्या दिसेपर्यंत. कारण मला तुमच्या शेवटच्या ओळींत दिसतंय: झिरोचा बल्ब.

हे झाड रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखतं. सलग १२ ते १४ तास अंधार, आणि तो रोज, साधारण सहा आठवडे मिळाला की त्याला कळी धरायची वेळ झाली हे कळतं. मध्येच दिवा लागला तर ती रात्र त्याच्या लेखी मोडते. ब्राझीलमध्ये रात्री मोठ्या होतात एप्रिल-मेमध्ये, म्हणून तिकडे त्याला मे महिन्याचं फूल म्हणतात. आपल्याकडे तेच नोव्हेंबर-डिसेंबरात होतं. नाशिकला सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे होतात आणि डिसेंबरात रात्र १३ तासांवर जाते, म्हणजे निसर्गाकडून पुरेसा अंधार आहे. तो तुमच्या खोलीत पोचत नाही एवढंच. पहिल्या वर्षी फुलं आली कारण कळ्या नर्सरीतच धरून आल्या होत्या.

---

मूळ प्रश्न विचारणारी:
रानवाट, तुमचं वाचून मी उठून आईंच्या खोलीत जाऊन आले. कडांना टोकदार दाते आहेत. पराग पिवळे होते, आईंनाच आठवलं, त्यांच्या पांढऱ्या पदराला लागले होते.

पण बल्ब मला काढता येणार नाही. त्या पडल्या तेव्हा आम्ही बाजूच्या खोलीत होतो आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही. तो दिवा राहणारच. मग झाड दुसरीकडे ठेवायचं का? हॉलमध्ये साडेअकरापर्यंत टीव्ही आणि ट्यूब असते. गॅलरी पश्चिमेची, दुपारनंतर तापते, शिवाय समोर रस्त्याचा दिवा आहे. आणि दिवाळीत ग्रीलला माळा लागतात, आकाशकंदील तर आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत असतो.

---

बांधावरून:
ताई, मी निफाड तालुक्यातला. द्राक्षबाग आहे, मध्ये काही वर्षं पॉलिहाऊसमध्ये शेवंतीही केली. शेवंतीचा स्वभाव असाच. आम्हाला फूल लांबवायचं असलं की रात्री दिवे लावायचो, मग झाड नुसतं वाढत राहायचं. लवकर हवं असलं की संध्याकाळी काळा कागद ओढायचा आणि सकाळी काढायचा. तुमच्या एका कुंडीला कागदाची गरज नाही, पुठ्ठ्याचं खोकं पुरे.

झाडापेक्षा वीतभर उंच खोकं घ्या, फांद्या दबायला नकोत. जोडाच्या फटींना तपकिरी टेप लावा. संध्याकाळी सहाला कुंडीवर पालथं घालायचं, सकाळी आठला काढायचं. झाले चौदा तास. दिवा चालू राहू द्या, आईंना त्रास नको. प्लास्टिकची काळी पिशवी वापरू नका, आत उकडतं आणि दमट होतं. एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरू नका, पण रोजची सवय मोडू नका.

दुसरं, थंडी. ऑक्टोबरची ही उष्णता या झाडाच्या कामाची नाही, २४-२५ अंशांच्या वर रात्र राहिली तर कळी धरायला अडचण होते. त्याला १५ ते २० अंश आवडतात. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास रात्री उतरायला लागतात, तोवर रात्री ती खिडकी उघडी ठेवता आली तर ठेवा. डिसेंबरात पारा १० च्या खाली जायला लागला की मात्र काचेपासून आत घ्या. आमच्याकडे निफाडला तर त्या दिवसांत द्राक्षांसाठी बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तुमचं झाड तेवढं सोसणार नाही.

---

रानवाट:
खोक्याचा उपाय उत्तम. त्यात थोडी भर घालते.

कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला खडूने खूण करा आणि रोज तीच बाजू उजेडाकडे राहील असं बघा. खोकं काढायचं-घालायचं, कुंडी जागची हलवायची नाही. त्या वर्षी तुम्ही चार वेळा जागा बदललीत, कळ्या त्याने गळल्या असण्याची दाट शक्यता आहे. उजेडाची दिशा, वारा, पाणी, यातलं काहीही अचानक बदललं की हे झाड आधी कळ्या सोडतं.

आईंच्या पलंगाशेजारी फळांची टोपली असते का? पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू निघतो, त्यानेही कळ्या गळतात. टोपली दुसऱ्या खोलीत हलवा.

पाणी थोडं कमी करा, बंद नाही. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसून कोरडं लागलं की द्यायचं. कळ्या दिसल्या की पुन्हा नेहमीसारखं. आणि कुंडी बदलण्याचा विचार आता मनात आणू नका, मुळं थोडी दाटलेली असली की हे झाड जास्त खुशीने फुलतं.

---

मूळ प्रश्न विचारणारी:
टोपली होती, उशाशीच. केळी आणि चिकू. आज हलवली.

गल्लीतल्या वाण्याकडून बिस्किटांचं खोकं आणलं. आई म्हणाल्या, "सहाला मी आठवण करीन." त्यांच्याकडे घड्याळ आहे, त्यामुळे ते काम त्यांनीच घेतलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. जे होईल ते इथेच लिहीन.

---

मूळ प्रश्न विचारणारी (सात आठवड्यांनी):
लिहायला उशीर झाला. आजवर फक्त दोन संध्याकाळी चुकल्या, एक लक्ष्मीपूजनाची आणि एक आईंना दवाखान्यात नेलं होतं त्या दिवशीची. बाकी रोज सहाच्या ठोक्याला हाक यायची, मी पोळ्या करत असले तरी.

आज सकाळी खोकं काढलं तेव्हा खिडकीकडच्या फांद्यांवर, शेवटच्या पेराच्या टोकाला, दोन दात्यांच्या मधल्या खाचेत मोहरीएवढं काहीतरी तांबूस दिसलं. आईंना कुंडीजवळ नेता येत नाही म्हणून मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. मी अकरा मोजले, त्या म्हणतात बारा. पण ही नवी पेरं तर नाहीत ना? त्यांना हो म्हणण्याआधी मला खात्री करायची आहे.

---

रानवाट:
नवं पेर फुटतं तेव्हा ते पहिल्या दिवसापासून चपटं असतं आणि त्याच्या कडा दिसतात. तुमचं टोक गोल आहे का?

---

मूळ प्रश्न विचारणारी:
गोल आहे. भिंगातून पाहिलं. टोकाला राणी रंगाचा ठिपका आहे.

---

रानवाट:
मग कळ्याच आहेत. आईंना सांगा. आठवडाभर खोकं चालू ठेवा, कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की बंद केलं तरी चालेल, मग दिव्याने काही बिघडत नाही. उमलायला अजून काही आठवडे जातील. तोवर माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका आणि कुंडी फिरवू नका.

---

बांधावरून:
ताई, फुललं की फोटो टाका. आणि आईंना विचारा, बारावी कळी कुठल्या फांदीवर आहे.