पावसात आत फ्लीस घालावं का? ओलं झालं तरी गरम राहतं म्हणतात ते खरं आहे का?

पायवाटवेडा:
पाऊस, वारा, थंडी सगळं एकदम असेल तर आत काय घालता तुम्ही लोक? माझ्याकडे एक जाड फ्लीस आहे आणि वरून रेन जॅकेट. कुणी म्हणतं फ्लीस भिजलं तरी चालतं, कुणी म्हणतं पाणी धरून नुसतं जड होतं. शिवाय जॅकेटच्या आतूनपण ओलं होतं, ते गळतंय की घाम आहे तेच कळत नाही.

चढउतार:
दोघंही अर्धे बरोबर आहेत. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, त्याचा धागा पाणी जवळपास पीतच नाही, वजनाच्या १ टक्क्याहूनही कमी. पण धाग्यांच्या मधल्या फटीत पाणी भरपूर अडकतं म्हणून जड लागतं. काढून नीट पिळायचं, जोरात झटकायचं, बरंचसं पाणी निघतं आणि लव परत फुगते, त्यात हवा अडकते आणि खरी ऊब त्या हवेचीच असते. सुती टीशर्ट कितीही पिळा, धाग्यातलं पाणी सोडत नाही. डाऊन, म्हणजे जॅकेटात भरलेली पक्ष्यांची मऊ पिसं, भिजलं की त्याचे गोळे होतात, संपला विषय. पण हां, भिजलेलं फ्लीस कोरड्याइतकं गरम अजिबात नसतं आणि वारा त्यातून आरपार जातो, त्यामुळे पाऊस थांबला तरी वारा चालू असेल तर जॅकेट अंगावरच राहू दे.

घामट:
आतलं ओलं बहुतेक घामच असणार. जाड फ्लीस घालून चढायला लागलास की जॅकेट कितीही भारी असो, आत वाफ कोंडणारच. फ्लीसवर १००, २००, ३०० असे आकडे सांगतात ना, ते साधारण एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. चालताना १०० वालं पुरतं, जाडं थांबल्यावर. निघताना जरा गारच वाटलं पाहिजे, आणि घाम फुटायच्या आधी चेन उघडायची.

लोकरप्रेमी:
मेरिनो लोकरीचं घ्या की सरळ! वास मारत नाही.

चढउतार:
@लोकरप्रेमी अंगालगत मेरिनो छानच, पण लोकर वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते, मग वाळायला वेळ लागतो. वर फ्लीसच बरं.

पायवाटवेडा:
मग मुक्कामाला पोचल्यावर तेच ओलं अंगावर वाळवायचं का?

घामट:
चालत असशील तर वाळतं अंगावर. थांबल्यावर नको, तेव्हा अंगातली ऊब ते वाळवण्यातच जाते. कोरडा जोड पिशवीत पॅक करून ठेव आणि काही झालं तरी तो चालताना घालायचा नाही, सकाळी परत ओलंच चढवायचं, दहा मिनिटं शिव्या येतात तोंडात पण चालतं. शेकोटीजवळ वाळत घालू नकोस, ठिणगी पडली की भोक. आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसतो मग घाम नीट बाहेर ओढला जात नाही.